डोमेन-नामाची मुदत : नूतनीकरण, विमोचन आणि लिलाव यांचा इतिहास

१. प्रास्ताविक

नावाला अर्थ असतो, संकेत असतो, परंपराही असते. परंतु नावाला मुदत असते असे भाषेच्या अभ्यासकाने सहसा ऐकलेले नसते. शब्द आणि अर्थ यांचा संबंध नैयायिकांच्या मते संकेतजन्य आहे, तर मीमांसकांच्या मते तो नित्य आहे. हा संबंध अमुक वर्षाच्या अमुक दिवशी संपुष्टात येईल, आणि शुल्क भरल्यास पुढे चालू राहील, असा पक्ष मात्र या दोघांपैकी कोणीही मांडलेला नाही. इंटरनेटवरील डोमेन-नाम हा असा एक नामप्रकार आहे, की ज्याच्या नोंदीतच त्याच्या समाप्तीची तारीख लिहून ठेवलेली असते.

डोमेन-नाम म्हणजे काय ते प्रथम थोडक्यात सांगितले पाहिजे. संगणक परस्परांना अंकांच्या पत्त्याने ओळखतात. ते अंक माणसाच्या ध्यानात राहण्याजोगे नसल्यामुळे त्यांच्या जागी अक्षरांचे नाव वापरतात आणि नावावरून अंक शोधून देणारी एक जगद्व्यापी व्यवस्था त्यामागे उभी असते. एखाद्या संस्थेचे संकेतस्थळ, तिचा पत्रव्यवहार, तिच्या सेवकांचे व ग्राहकांचे प्रवेशाधिकार हे सर्व या एका नावावर अवलंबून असते. त्यामुळे नावाची मुदत संपली म्हणजे नेमके काय संपते, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही.

प्रस्तुत विवेचनाचा मुख्य मुद्दा असा, की मुदत हा डोमेन-नामाचा मूळ गुणधर्म नव्हे. ती शुल्काबरोबर आली, आणि तीही तुलनेने उशिरा. मुदत संपलेल्या नावाच्या विल्हेवाटीची जी तपशीलवार पद्धती आज रूढ आहे, ती कोणा एका योजनाकाराच्या बुद्धीतून निघालेली नसून एकामागून एक घडलेल्या अपघातांतून व तक्रारींतून घडत गेली आहे. या घडणीत नावाचा धारक, विक्रेता आणि नवा ग्राहक यांना क्रमाक्रमाने स्थान मिळाले. परंतु त्या नावावर विसंबून राहणारा तिऱ्हाईत माणूस तीत कोठेच नाही.

२. मुदतीपूर्वीचा काळ

अमेरिकेतील ‘आर्पानेट’ या संगणकजालाच्या आरंभीच्या दिवसांत सर्व यंत्रांची नावे एकाच यादीत असत. ही यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट या संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांच्या नेतृत्वाखालील गट सांभाळीत असे. नवे नाव हवे असल्यास तेथे कळवायचे, ते यादीत चढायचे, आणि इतर यंत्रे त्या यादीची नवी प्रत उतरवून घ्यायची, असा हा साधा व्यवहार होता. यंत्रांची संख्या वाढू लागली तसा एका यादीचा भार असह्य झाला. तेव्हा पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ च्या नोव्हेंबरात नवी श्रेणीबद्ध व्यवस्था मांडली. तीत प्रत्येक शाखेची नावे त्या त्या शाखेने सांभाळावयाची होती. १९८४ च्या ऑक्टोबरात जॉन पोस्टेल व जॉइस रेनल्ड्स यांनी ‘कॉम’, ‘एड्यू’, ‘गव्ह’, ‘मिल’ आणि ‘ऑर्ग’ या वरिष्ठ शाखांची आखणी प्रसिद्ध केली, आणि १५ मार्च १९८५ रोजी ‘सिंबॉलिक्स डॉट कॉम’ हे ‘कॉम’ शाखेतील पहिले नाव नोंदले गेले.

या नोंदीसाठी शुल्क नव्हते, आणि शुल्क नसल्यामुळे मुदतही नव्हती. खर्च अमेरिकेच्या सरकारी निधीतून भागत असे. एकदा चढलेली नोंद कोणी काढून टाकण्यास सांगेपर्यंत तशीच राहावयाची. त्या काळातील दृष्टी पोस्टेल यांच्या १९९४ च्या मार्चमधील एका टिपणात स्पष्ट दिसते. देशवाचक व अन्य वरिष्ठ शाखांच्या व्यवस्थापकांना उद्देशून त्यांनी असे सुचविले आहे, की डोमेनच्या बाबतीत हक्क आणि मालकी यांची भाषा अस्थानी असून जबाबदारी आणि समाजाची सेवा यांचाच विचार योग्य होय. हे टिपण लिहिले गेले तेव्हा जबाबदारीची ही भाषा मागे पडण्यास फार अवधी उरला नव्हता.

३. शुल्क आणि मुदत

१९९३ च्या आरंभापासून ‘कॉम’, ‘नेट’ व ‘ऑर्ग’ या शाखांतील नोंदणीचे काम अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाशी झालेल्या कराराने ‘नेटवर्क सोल्यूशन्स’ या कंपनीकडे आले. त्याच सुमारास वेब सर्वसामान्यांच्या हाती पडले आणि नोंदणीच्या अर्जांची संख्या झपाट्याने वाढली. हा वाढता खर्च सरकारने का सोसावा, असा प्रश्न निघाला. त्याचे उत्तर म्हणून १४ सप्टेंबर १९९५ पासून दोन वर्षांसाठी १०० डॉलर, आणि त्यानंतर प्रतिवर्षी ५० डॉलर, असे शुल्क ठरविण्यात आले. या रकमेपैकी तीस टक्के भाग इंटरनेटच्या उभारणीसाठी राखून ठेवावयाचा होता. १९९८ च्या एप्रिलपासून हा राखीव भाग वगळण्यात आला आणि वार्षिक शुल्क ३५ डॉलरवर आले.

वरवर पाहता ही केवळ हिशेबाची बाब होती. परंतु तिने नावाचे स्वरूपच पालटले. वार्षिक शुल्क म्हटले की वर्ष संपणे आले, वर्ष संपणे आले की न भरणारा आला, आणि न भरणाऱ्याचे नाव काढून टाकणे ओघानेच आले. पूर्वी धारक गप्प राहिला तर नाव टिकत असे. आता धारक गप्प राहिला तर नाव जाऊ लागले. म्हणजे मौनाचा अर्थ उलट झाला.

या बदलाचे परिणाम किती दूरवर पोहोचतात हे १९९९ च्या नाताळात दिसून आले. मायक्रोसॉफ्टच्या ‘हॉटमेल’ या टपालसेवेत प्रवेश करणाऱ्याची ओळख ‘पासपोर्ट डॉट कॉम’ या दुसऱ्या नावाच्या द्वारे पटविली जात असे. त्या नावाचे ३५ डॉलरचे शुल्क भरावयाचे राहून गेले, आणि असंख्य लोकांना आपली पत्रे उघडता येईनात. टेनेसी राज्यातील एका संगणकतज्ज्ञाने दोषाचा माग काढून नाताळच्या दिवशी ते शुल्क स्वत:च्या खात्यातून भरले, व सेवा पुन्हा सुरू झाली. या प्रसंगातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. धारक कितीही धनाढ्य असला तरी विस्मरणापासून त्याची सुटका नाही, ही पहिली. आणि ज्यांची पत्रे अडली त्या हजारो लोकांपैकी एकाचेही नाव त्या नोंदीत नव्हते, ही दुसरी.

४. घाऊक आणि किरकोळ

१९९८ मध्ये ‘आयकॅन’ ही संस्था स्थापन झाली व डोमेन-नामांच्या धोरणाची सूत्रे तिच्याकडे आली. १९९९ मध्ये नोंदणीचा मक्ता मोडून दोन थर करण्यात आले. मूळ नोंदवही सांभाळणारी रजिस्ट्री हा पहिला थर, आणि लोकांकडून अर्ज व पैसे घेऊन त्या नोंदवहीत नोंद करविणारे अनेक रजिस्ट्रार हा दुसरा. ‘कॉम’ची नोंदवही नेटवर्क सोल्यूशन्सकडे होती, २००० मध्ये ती कंपनी ‘व्हेरिसाइन’ने विकत घेतल्यावर नोंदवहीही तिच्याकडे गेली. या दोन थरांतील नाते घाऊक व किरकोळ व्यापाऱ्यांसारखे आहे. घाऊक दर कराराने बांधलेला असतो. २००० च्या सुमारास ६ डॉलर असलेला ‘कॉम’चा दर २०२४ च्या सप्टेंबरात १०.२६ डॉलर झाला. ग्राहकाकडून किती घ्यावे हे मात्र रजिस्ट्रारने ठरवावयाचे.

या विभागणीमुळे मुदतीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा झाला. धारकाचा करार रजिस्ट्रारशी, रजिस्ट्रारचा रजिस्ट्रीशी. धारकाने पैसे दिले नाहीत तर नाव केव्हा काढावयाचे, तोपर्यंत ते कोणाचे, आणि काढल्यावर चूक ध्यानात आली तर काय, या प्रश्नांना आरंभी एकसारखे उत्तर नव्हते. काही रजिस्ट्रार लगेच नाव पुसून टाकीत, तर काही महिनेच्या महिने ते अडकवून ठेवीत. पुसलेले नाव तत्क्षणी दुसऱ्याच्या हाती पडे, आणि एखादी शाळा वा धर्मादाय संस्था आपल्या जुन्या पत्त्यावर अश्लील चित्रे पाहून हतबुद्ध होई.

५. विमोचनाची योजना

या तक्रारींचा विचार करून आयकॅनने २००२ च्या आरंभी एक प्रस्ताव चर्चेला ठेवला. नाव नोंदवहीतून काढण्याची आज्ञा झाली तरी ते लगेच मोकळे न करता तीस दिवस स्थगित ठेवावे, आणि त्या अवधीत मूळ धारकालाच ते परत घेता यावे, असा त्याचा आशय होता. ‘कॉम’ व ‘नेट’मध्ये ही सवलत २००३ च्या जानेवारीत अमलात आली. इंग्रजीत तिला ‘रिडेम्प्शन’ हे नाव मिळाले. मराठीत तिला विमोचनकाल म्हणता येईल. २००४ च्या डिसेंबरात लागू झालेल्या धोरणाने रजिस्ट्रारांवर दुसरे बंधन घातले : विशेष कारण नसल्यास मुदत संपलेले नाव पंचेचाळीस दिवसांच्या आत काढून टाकले पाहिजे, आणि आपली पद्धती ग्राहकांना आधी सांगितली पाहिजे.

तरीही धारकाने वेळेवर पैसे भरून नाव गमावावे, असा प्रसंग आलाच. २००७ मध्ये ‘रजिस्टरफ्लाय’ हा रजिस्ट्रार अंतर्गत कलहात कोसळला. ग्राहकांनी भरलेले पैसे रजिस्ट्रीपर्यंत पोहोचलेच नाहीत आणि अनेकांची नावे त्यांचा काही दोष नसता मुदतीबाहेर गेली. आयकॅनने त्याची मान्यता रद्द केली व त्याच्याकडील नावे दुसऱ्या रजिस्ट्रारकडे वर्ग करण्यात आली. पुढे २००८ मध्ये सामान्य वापरकर्त्यांच्या सल्लागार समितीने मुदतीनंतरच्या परिस्थितीचा समग्र विचार करण्याची मागणी केली. त्या मागणीतून निघालेले धोरण ३१ ऑगस्ट २०१३ रोजी अमलात आले. त्यानुसार मुदतीपूर्वी सुमारे एक महिना व सुमारे एक आठवडा अशा दोन, आणि मुदतीनंतर पाच दिवसांच्या आत तिसरी, अशा सूचना धारकाला देणे रजिस्ट्रारवर बंधनकारक झाले. शिवाय नूतनीकरण शक्य असलेल्या अवधीचे शेवटचे आठ दिवस तरी त्या नावाचा चालू मार्ग तोडला पाहिजे, असेही ठरले. पत्राकडे धारकाचे लक्ष जात नाही, परंतु संकेतस्थळ बंद पडले की जाते, हा अनुभव या नियमामागे आहे.

६. आजचा क्रम

या सर्व सुधारणांच्या परिणामी ‘कॉम’ शाखेतील नावाचा मुदतीनंतरचा प्रवास साधारणत: येणेप्रमाणे होतो.

मुदतीच्या दिवशी धारकाने काही केले नाही, तर रजिस्ट्री ते नाव आपोआप एक वर्षाने वाढविते व रजिस्ट्रारच्या खात्यावर एका वर्षाची रक्कम टाकते. पुढील पंचेचाळीस दिवसांत रजिस्ट्रारने नाव काढून टाकले तर ही रक्कम त्याला परत मिळते. यातून एक चमत्कारिक स्थिती उद्भवते. मूळ नोंदवहीत नाव पुढील वर्षापर्यंत जिवंत दिसते, आणि रजिस्ट्रारच्या दप्तरी ते कालबाह्य झालेले असते. नोंद पाहून निर्धास्त झालेला धारक फसण्याचे हे एक कारण होय.

या पंचेचाळीस दिवसांत रजिस्ट्रारने नाव काढण्याची आज्ञा दिली, की तीस दिवसांचा विमोचनकाल सुरू होतो. नावाची नोंद राहते, परंतु ते चालत नाही. धारकाला ते सोडवून घेता येते. मात्र त्यासाठी नूतनीकरणाच्या कित्येक पट शुल्क मोजावे लागते. तीस दिवस उलटले, की अखेरचे पाच दिवस येतात. या पाच दिवसांत ते कोणालाही, मूळ धारकालासुद्धा, परत घेता येत नाही. पाचव्या दिवसानंतर ते नोंदवहीतून पुसले जाते आणि त्या क्षणापासून प्रथम येणाऱ्या कोणालाही उपलब्ध होते. सर्व टप्पे पुरेपूर वापरले गेले तर मुदतीपासून मोकळीकीपर्यंत सुमारे ऐंशी दिवस जातात.

७. सुटलेल्या नावाचा झेल

‘प्रथम येणाऱ्याला’ हा नियम दिसण्यात समतेचा आहे. परंतु चांगले नाव सुटण्याची वेळ सर्वांना ठाऊक असते, आणि त्या क्षणी रजिस्ट्रीच्या दाराशी माणसे नव्हे तर यंत्रे उभी असतात. २००१ च्या सुमारास या यंत्रांच्या मागण्यांचा लोंढा इतका वाढला, की नेहमीच्या नोंदणीला अडथळा होऊ लागला आणि अशा मागण्यांसाठी रजिस्ट्रीला वेगळी वाट करून द्यावी लागली. सामान्य माणसाला या शर्यतीत स्थान उरले नाही. त्याने एखाद्या झेल घेणाऱ्या कंपनीकडे आगाऊ मागणी नोंदवावी, एवढेच त्याच्या हाती राहिले. २००० मध्ये स्थापन झालेली ‘स्नॅपनेम्स’ ही या धंद्यातील आरंभीची कंपनी होय.

या शर्यतीऐवजी स्वत:च प्रत्येक नावासाठी एक प्रतीक्षायादी ठेवावी, असा प्रस्ताव व्हेरिसाइनने पुढे आणला. त्याला २००२ मध्ये आयकॅनची सशर्त संमतीही मिळाली. परंतु झेल घेणाऱ्या कंपन्यांचा विरोध, खटले आणि व्हेरिसाइन व आयकॅन यांच्यातील वाद यांत ती योजना अडकली आणि कधीच सुरू झाली नाही. वादाचे मर्म आर्थिक होते. घाऊक दर ठरलेला असल्यामुळे उत्तम नाव आणि टाकाऊ नाव यांची रजिस्ट्रीला मिळणारी किंमत एकच असते. वरची सर्व किंमत ते नाव पकडणाऱ्याच्या पदरात पडते. ती कोणाच्या पदरात पडावी, हाच खरा प्रश्न होता.

रजिस्ट्री प्रत्येक मान्यताप्राप्त रजिस्ट्रारला सारखीच संधी देते. तेव्हा अधिक संधी हव्या असतील तर अधिक रजिस्ट्रार असावेत, असा निष्कर्ष झेल घेणाऱ्या कंपन्यांनी काढला व केवळ कागदोपत्री असणाऱ्या शेकडो रजिस्ट्रार-कंपन्या उभ्या केल्या. प्रत्येक मान्यतेसाठी आयकॅनला दरसाल ४,००० डॉलर द्यावे लागत असतानाही ‘ड्रॉपकॅच’ या एका समूहाने २०१६ पर्यंत अशा हजाराहून अधिक मान्यता मिळविल्या होत्या. समान संधीचा नियम शब्दश: पाळूनच त्याचा हेतू कसा विफल करता येतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

८. लिलावाचे दोन प्रकार

कालबाह्य नावांचे लिलाव दोन प्रकारचे आहेत, आणि त्यांतील भेद नीट लक्षात घेतला पाहिजे. पहिला प्रकार सुटलेल्या नावाचा. एकाच नावासाठी एकाच कंपनीकडे अनेकांच्या आगाऊ मागण्या असल्या आणि ते नाव तिच्या हाती लागले, तर त्या मागणी करणाऱ्यांत लिलाव होतो. येथे जुना धारक पूर्णपणे बाजूला झालेला असतो.

दुसरा प्रकार अधिक विचारणीय आहे. बहुतेक मोठ्या रजिस्ट्रारांनी आपल्या करारांत असे कलम घातले, की मुदत संपल्यावर ते नाव काढून टाकण्याऐवजी दुसऱ्याच्या नावे करण्याचा अधिकार रजिस्ट्रारला राहील. त्यामुळे पंचेचाळीस दिवसांच्या आतच, नाव नोंदवहीतून पुसले न जाता, लिलावास निघते. खरेदीदाराच्या दृष्टीने याचा मोठा लाभ असा, की नावाची मूळ नोंदणीची तारीख कायम राहते, आणि जुन्या नावाला बाजारात अधिक मोल असते. काही ठिकाणी बोली न आलेल्या नावांची किंमत दररोज उतरवीत नेऊन ती विकली जातात. अशा तऱ्हेने जे नाव विकले जाते, ते विमोचनकालापर्यंत पोहोचतच नाही. २००३ ची सवलत काढून टाकलेल्या नावासाठी होती. काढून टाकण्याचा टप्पाच गाळला गेला, की ती सवलत कागदावर राहते. धारकाला मुदतीनंतर काही दिवस नूतनीकरणाची संधी मिळते हे खरे, परंतु ती किती दिवस हे ज्याच्या हाती असते, त्यालाच नाव विकल्याने लाभ होतो.

या बाजारातील व्यवहार नेहमीच स्वच्छ होता असेही नाही. २००९ च्या नोव्हेंबरात स्नॅपनेम्सने असे जाहीर केले, की आपलाच एक कर्मचारी २००५ पासून खोट्या नावाने बोली लावीत होता. त्यामुळे इतरांना अधिक किंमत मोजावी लागली होती. त्याच सुमारास दुसरा एक गैरप्रकार आटोक्यात आला. नवी नोंद पाच दिवसांत रद्द केल्यास पैसे परत मिळण्याची सवलत होती. तिचा फायदा घेऊन लक्षावधी नावे घ्यावयाची, त्यांवर जाहिराती लावून पाहावयाच्या, आणि न चालणारी पाच दिवसांत परत करावयाची, असा उद्योग चालू होता. परताव्यावर मर्यादा घातल्यावर जून २००८ ते एप्रिल २००९ या काळात अशा रद्द नोंदी ९९.७ टक्क्यांनी घटल्याचे आयकॅनने नमूद केले आहे.

९. संज्ञांचा विचार

या व्यवस्थेची परिभाषा भाषाशास्त्रीय दृष्टीने उद्बोधक आहे. मराठीत तिचे वर्णन करताना जे तीन शब्द अपरिहार्य होतात, त्यांचीच कुळे पाहण्याजोगी आहेत. ‘मुदत’ हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आलेला; ‘लिलाव’ हा पोर्तुगिजांकडून घेतलेला; आणि ‘विमोचन’ हा संस्कृतातून कायद्याच्या परिभाषेत रुळलेला. तिन्ही शब्दांचा आपल्याकडील वापर जमीन, कर्ज आणि सारा यांच्याशी निगडित आहे. इंग्रजी संज्ञांचीही तीच स्थिती आहे. ‘ग्रेस’ म्हणजे सवलतीचे दिवस ही कल्पना विम्याच्या हप्त्यांतून परिचित आहे, आणि ‘रिडेम्प्शन’ ही गहाणाच्या कायद्यातील संज्ञा आहे.

हे साम्य केवळ शाब्दिक नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या साठाव्या कलमाने गहाण टाकणाऱ्याला ऋण फेडून मालमत्ता सोडवून घेण्याचा हक्क दिला आहे. ती मालमत्ता मुळात त्याचीच असते, म्हणून तो हक्क त्याला आहे. डोमेन-नामाच्या करारांत मात्र धारकाला मालकी नाही, केवळ ठरावीक काळापुरती सेवा आहे, असेच बहुधा म्हटलेले असते. जे आपले नाही ते सोडवून घ्यावयाचे कसे? आणि जी केवळ सेवा आहे, तिचा लिलाव कसा व्हावा?

न्यायालयांनाही हा पेच एका दिशेने सोडविता आला नाही. ‘अंब्रो’ कंपनीच्या दाव्यात व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये असे मानले, की डोमेन-नाम हे सेवेच्या करारातून उद्भवते, म्हणून ऋणकोच्या मालमत्तेप्रमाणे त्यावर जप्ती आणता येत नाही. उलट २००३ मध्ये क्रेमेन विरुद्ध कोहेन या दाव्यात अमेरिकेच्या नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने नोंदधारकाचा नावावरील मालमत्ताहक्क मान्य केला. व्यवहारात दोन्ही मते एकाच वेळी नांदतात : धारकाकडून नाव काढून घेताना ती सेवा असते, आणि लिलावात विकताना ती मालमत्ता असते.

१०. तिऱ्हाइताचा प्रश्न

आतापर्यंतच्या विवेचनात रजिस्ट्री, रजिस्ट्रार, धारक व खरेदीदार हे चार पक्ष आले. परंतु नावाचा अर्थ या चौघांपैकी कोणाच्याच स्वाधीन नसतो. तो वापरणाऱ्यांच्या समुदायात वसतो. नोंदवहीतील नोंद एका क्षणात बदलते. लोकांच्या ध्यानातील संकेत बदलत नाही. लोक जुन्याच विश्वासाने त्या नावाकडे पत्रे पाठवितात, ग्रंथांत व प्रबंधांत त्याचा निर्देश करतात, आणि यंत्रे तर त्याहून अधिक निष्ठेने जुन्याच पत्त्याला विचारीत राहतात.

२०१६ च्या जूनमध्ये अमेरिकेतील ‘सोरेन्सन’ या कंपनीकडून एका डोमेन-नामाचे नूतनीकरण राहून गेले. ही कंपनी कर्णबधिरांना खुणांच्या भाषेतून दूरध्वनी करण्याची सेवा पुरविते. ती सेवा सुमारे तीन दिवस खंडित झाली आणि त्या काळात अनेक कर्णबधिरांना आणीबाणीच्या मदतीसाठीही दूरध्वनी करता आला नाही. २०१७ मध्ये अमेरिकेच्या संदेशवहन आयोगाशी झालेल्या तडजोडीत कंपनीने सुमारे २७ लाख डॉलर परत केले आणि २ लाख ५२ हजार डॉलर दंड भरला. येथे हानी झाली ती ज्यांनी कोणतेही शुल्क चुकविले नव्हते त्यांची.

दुसरे उदाहरण याहून सूचक आहे. ‘मोबी’ या वरिष्ठ शाखेच्या रजिस्ट्रीने नोंदी शोधून देणाऱ्या आपल्या सेवेचा पत्ता बदलला, आणि जुने नाव २०२३ च्या डिसेंबरात मुदतबाह्य होऊ दिले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ‘वॉचटॉवर’ या सुरक्षासंस्थेच्या संशोधकांनी ते नाव सुमारे २० डॉलरला घेतले. थोड्याच दिवसांत १ लाख ३५ हजारांहून अधिक संगणकांकडून त्या जुन्या पत्त्यावर सुमारे २५ लाख पृच्छा आल्या, आणि त्यांत सरकारी व लष्करी टपालयंत्रेही होती. नावांची नोंद ठेवणाऱ्यांनाच आपल्या एका जुन्या नावावर कोण विसंबून आहे याची कल्पना नव्हती. ते नाव संशोधकांच्या ऐवजी ठकांच्या हाती पडते तर काय झाले असते, हे सांगावयास नको.

११. देवनागरी नावे

हा प्रश्न मराठीपासून आता दूर राहिलेला नाही. २००५ मध्ये भारताची ‘इन’ ही शाखा नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडियाच्या व्यवस्थेखाली सर्वांना खुली झाली. २०१४ च्या ऑगस्टात ‘भारत’ ही देवनागरी शाखा सुरू झाली व मराठी, कोकणी, हिंदी आदी आठ भाषांतील नावांना तीत वाव मिळाला. तांत्रिक दृष्ट्या मूळ नोंदवहीत हे देवनागरी नाव रोमन अक्षरांच्या एका दुर्बोध मालिकेत संकेतबद्ध होऊन राहते. परंतु मुदतीच्या कल्पनेतून त्याची सुटका नाही. उलट येथे एक अडचण वाढते. लेखनभेद असलेला शब्द नोंदवहीच्या दृष्टीने भिन्न शब्द असतो. ‘विश्वकोश’ आणि ‘विश्वकोष’ ही वाचकाला एकच वाटणारी दोन रूपे तेथे दोन नावे ठरतात, आणि त्या दोहोंचे शुल्क, मुदत व संभाव्य खरेदीदारही वेगळे असू शकतात. ऱ्हस्व-दीर्घाचा वाद आजवर शुद्धलेखनाच्या कक्षेत होता. तो आता हिशेबाच्या कक्षेतही आला आहे.

१२. समारोप

एकंदर इतिहासाचा आढावा घेतल्यास असे दिसते, की चाळीस वर्षांत डोमेन-नामाने तीन अवस्था पाहिल्या : प्रथम ते जबाबदारी होते, नंतर भाडेपट्टा झाले, आणि मुदतीनंतर ते लिलावातील जिन्नस झाले. प्रत्येक नवी सवलत मागील अपघाताला दिलेले उत्तर होती, आणि प्रत्येक उत्तराचा विषय धारकाचे विस्मरण हा होता. तीन सूचना, पंचेचाळीस दिवस, तीस दिवस, पाच दिवस, हे सारे ज्याने नाव घेतले त्याच्यासाठी आहे. परंतु ज्याने नाव सोडण्याचेच ठरविले आहे, त्याने ते कसे सोडावे, विसंबून असलेल्यांना कसे कळवावे, आणि जुन्या नावाचा किती काळ सांभाळ करावा, याविषयी या व्यवस्थेत कोणतेही बंधन नाही.

विद्यापीठे व संशोधनसंस्था यांच्या दृष्टीने हाच मुद्दा महत्त्वाचा आहे. एखादा कोशप्रकल्प वा हस्तलिखितांचा संग्रह संपतो तेव्हा त्याचा निधी संपतो, आणि काही काळाने त्याचे नावही संपते. मात्र त्या नावाचे निर्देश छापील प्रबंधांत कायम राहतात आणि पुढे वाचकाला भलत्याच ठिकाणी नेऊन सोडतात. म्हणून प्रकल्पाचे नाव स्वतंत्रपणे न घेता संस्थेच्या स्थायी नावाखाली घेणे, त्याच्या नूतनीकरणाची जबाबदारी व्यक्तीकडे न ठेवता पदाकडे ठेवणे, आणि नाव सोडावयाचे झाल्यास ते सोडण्यापूर्वी त्यावर विसंबून असलेल्या गोष्टींची मोजदाद करणे, एवढी दक्षता तरी घेतली पाहिजे. पोस्टेल यांनी ज्या जबाबदारीविषयी लिहिले होते, तिचा नियमांतून लोप झाला असला तरी तिची आवश्यकता संपलेली नाही.